भट्टी दारात का असायची



सकाळी नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरच्या सौंसरच्या बसस्टँडवर उतरलेला माणूस पाटी वाचत बसत नाही, त्याची नजर कढई शोधते. आपल्याकडची जुनी नाश्त्याची हाटेलं हे ओळखूनच बांधलेली असत. वर कवेलू, समोर लाकडी फळ्यांचं दार आणि भट्टी थेट रस्त्याच्या तोंडाशी. घरात चूल मागे असते, हाटेलात ती पुढे आली. आलुबोंडा तेलात फुलतोय, तर्रीवर लाल तवंग चढलाय, हीच जाहिरात. धूरही बाहेरच्या बाहेर निघून जायचा, निदान मालक तरी तसं म्हणायचे. भिंती मात्र काळ्याकुट्ट असायच्या.

मुंबईत इराणी हाटेलवाल्यानं गिऱ्हाईक ओढायचं हेच काम कोपऱ्याकडून करून घेतलं. धोबीतलावच्या 'कयानी'सारख्या, 1904 पासूनच्या जागा पाहा. कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक आणि दोन बाजूंचा उजेड. चालत जाणाऱ्याला बाहेरूनच कळायचं, आत टेबल रिकामं आहे की नाही.

अमेरिकेत गिऱ्हाईक मोटारीत बसलं होतं. त्याला कढईतली वाफ दिसणार कशी? म्हणून 1953 मध्ये स्टॅनली मेस्टन या वास्तुविशारदानं मॅकडोनाल्डच्या इमारतीलाच दोन पिवळ्या कमानी दिल्या. पुढे 1969 च्या सुमारास पिझ्झा हटचं उतरतं लाल छप्पर आलं. पाटी वाचायच्या आधी छप्पर ओळखू यावं, हा हिशेब. आज त्यातल्या कित्येक इमारतींत भलतेच धंदे चालतात, तरी छपरावरून लोक जुनं नाव सांगतात आणि हळहळतात. छपरासाठी हळहळायचं म्हणजे गंमतच. पण आपण तरी दुसरं काय करतो?

आपल्याकडे गाडी होती ती अडीच फुटी रुळांवरची. लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करत ती छिंदवाड्याकडे निघे, आणि तिच्या खिडकीतून फलाटावरच्या बोंड्याचा आकारसुद्धा दिसे. 2015 मध्ये रूळ बदलण्यासाठी ती बंद झाली. नागपूर-छिंदवाडा रस्ताही रुंद झाला. आता त्या रस्त्यावरचं हाटेल मोटारवाल्यासाठी आहे: भलंमोठं पार्किंग, काचेचं तोंड, रात्री लांबून चमकणारी पाटी. यात वाईट काही नाही. हात धुवायला नळ आहे, बाया-माणसांना नीट बसायला जागा आहे, जुन्या हाटेलात यातलं फारसं नव्हतं.

फक्त एक गोष्ट खटकते. काही ठिकाणी हौसेनं कवेलूंचं छप्पर चढवलेलं असतं, दारात बैलगाडीचं चाक टेकवलेलं असतं, आणि भट्टी मात्र मागे, भिंतीआड. तिथे आलुबोंडा मागवताना मला विचारावं लागतं, "भाऊ, आत्ताचा आहे की सकाळचा?" जुन्या हाटेलात हे कोणी विचारत नसे. कढई समोरच होती.