अदृश्य माणसाची परीक्षा

फराळानंतर मुलांना काहीतरी पाहायचे असते आणि मोठ्यांना डुलकी काढायची असते. या दोन्ही गरजा एकदम भागवणारी वस्तू म्हणजे जुना चित्रपट. गेल्या पाडव्याला दुपारी धाकटीने हट्टाने ‘मिस्टर इंडिया’ लावला. मला मात्र डुलकी लागली नाही.

हा चित्रपट १९८७ सालचा. दिग्दर्शन शेखर कपूर यांचे, लेखन सलीम-जावेद यांचे. मी तो प्रथम पाहिला तो आठव्या वर्षी, गावच्या गणपतीच्या मांडवात, भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर. पुढे आठवडाभर आम्ही सारी पोरे मनगटाला सुतळीने पुठ्ठा बांधून अदृश्य होत होतो. अडचण एवढीच, की सगळेच अदृश्य झाल्यामुळे मोगॅम्बो व्हायला कोणी उरत नसे!

इतक्या वर्षांनी पाहताना नायकाचे सारे सामान ओळखीचे वाटले. गोष्टी रचण्याचा उद्योग मीही करतो, तेव्हा ही नजर लागायचीच. पोरका मुलगा, हरवलेला थोर बाप, बापाने मागे ठेवलेले अद्भुत साधन, आणि दूर बेटावर सिंहासन मांडून बसलेला राक्षस. आजीच्या गोष्टीतल्या राजपुत्राला तलवार मिळे. इथे अरुणला मनगटावरचे यंत्र मिळते, इतकेच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. राजपुत्राला घरभाडे थकवावे लागत नसे; या बिचाऱ्याचे भाडेही थकलेले आणि वाण्याची उधारीही. म्हणून तर तो आम्हांला आमच्यातला वाटला.

पण एक शंका लहानपणी शिवली नव्हती, ती आता आली. असे साधन हाती आल्यावर माणूस सज्जन का राहावा?

कॉलेजची पायरी न चढलेल्या माझ्यासारख्याने ग्रीक तत्त्वज्ञान सांगावे, हे जरा धाडसाचेच. तरी सांगतो. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात ग्लॉकन नावाचा तरुण एका मेंढपाळाची कथा सांगतो. त्याला सोन्याची अंगठी सापडते. तिचा खडा तळहाताकडे फिरवला की तो दिसेनासा होतो. मग तो करतो काय? राणीला वश करतो, राजाला ठार मारतो आणि गादी बळकावतो. ग्लॉकनचे म्हणणे असे, की अशा दोन अंगठ्या एका सज्जनाला आणि एका दुर्जनाला दिल्या, तर दोघेही त्याच वाटेने जातील.

आमचा मिस्टर इंडिया त्या वाटेने जात नाही. तो गुंडांना बडवतो, भुकेल्यांना खाऊ घालतो. आपली तिजोरी भरावी असे त्याच्या मनातही येत नाही. ‘सिनेमाच तो!’ म्हणून हे सोडून देता येईल. पण मला वाटते, फरक दुसरीकडे आहे. मेंढपाळाच्या कथेत त्याची घरी वाट पाहणारे कोणी नाही. अरुणच्या घरी पोरकी मुले आहेत. त्यांतली छोटी टीना बाँबस्फोटात जाते, तेव्हा ते यंत्रही कामाला येत नाही. (तिथे धाकटी माझ्या कुशीत शिरली.) अरुण लोकांना दिसत नाही, पण त्याला लोक दिसतात, चेहऱ्यांसकट. अदृश्य माणसाचे खरे संकट, तो दुसऱ्यांना दिसत नाही हे नसून, दुसरे त्याला दिसेनासे होतात हे असावे.

“बाबा, तुमच्याकडे असं घड्याळ असतं तर?” धाकटीने विचारले.

मी हसून वेळ मारून नेली. तिला कसे सांगणार, की असे घड्याळ मला दर वर्षी मिळते!

आमच्याकडे वार्षिक परीक्षेचे पेपर दुसऱ्या शाळेतून तपासायला येतात. वर नाव नसते, फक्त क्रमांक. मुलाला मी दिसत नाही, मला मूल दिसत नाही. काही वर्षांपूर्वी मराठीचा असाच एक गठ्ठा सकाळी परत द्यायचा होता. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पाच पेपर उरले होते. त्या पाचांचे निबंध मी वाचले नाहीत. अक्षर पाहिले, लांबी पाहिली आणि दहापैकी पाच, सहा, पाच असे गुण टाकून मोकळा झालो. शेवटच्या पेपरात निबंधाच्या पानाखाली मुलाने ठळक लिहिले होते, ‘कृ. मा. प.’ मी मागे पाहिले नाही.

कोणाला कळले नाही. कळण्याजोगे काही नव्हतेच. चित्रपटातला अदृश्य माणूस लाल प्रकाशात दिसतो. माझी तेवढी लाल शाईची खूण त्या पानावर राहिली असेल. मागच्या पानावर काय होते, हा विचार मात्र अजून अधूनमधून येतो. बहुधा ‘माझा आवडता सण’चा उरलेला परिच्छेदच असेल. पण तो त्याला लिहावासा वाटला होता.

चित्रपटाच्या अखेरीस अरुणजवळ ते यंत्र राहत नाही आणि त्याला मोगॅम्बोशी सर्वांच्या देखत, उघड्या तोंडाने लढावे लागते. आठव्या वर्षी मला तो भाग फिका वाटला होता. यंदा मी तेवढा भाग पुन्हा मागे नेऊन पाहिला.

हल्ली गठ्ठा आला की मी तळाकडून सुरुवात करतो. त्यामुळे आता रात्री उशिरा हाती येतात ते वरचे पाच. त्यांचे काय करायचे, ते अजून ठरलेले नाही.