दात बघून

चांदवडच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर खाली करून आबा थेट हायवेलगतच्या संगणकाच्या दुकानात आले. सोबत नात होती, गावातल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकणारी. या खेपेचे पैसे पोरीचे, असं आजीनं सकाळीच सांगून टाकलं होतं. १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन याच चांदवडला भरलं, तेव्हा तान्ह्या लेकाला कडेवर घेऊन आजी तिथं बसली होती. शेतात राबणाऱ्या बाईचा पैशावर हक्क असतो, हे ती तिथून घरी घेऊन आली. तेव्हापासून तिचा शब्द कुणी खाली पडू देत नाही.

दुकानदारानं दोन वापरलेले लॅपटॉप पुढे ठेवले. एक चकचकीत, त्यावर आय७ चा स्टिकर, १९,००० रुपये. दुसरा आय५, कोपरा खरवडलेला, २०,५०० रुपये.

नातीचा हात पहिल्यावर गेला. ‘‘आबा, आय७ आहे. शिवाय स्वस्त.’’

‘‘दात किती?’’ आबांनी विचारलं.

तिला कळेना. आबा स्टूल ओढून बसले. ‘‘बैलाच्या वरच्या जबड्याला पुढं दात नसतात, खालचे आठ बघायचे. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि पाचेक वर्षांचा झाला की जुळला. पुढं झीज सुरू होते. विकणारा शिंगं रंगवून आणतो, दात नाही रंगवता येत. याचे दात कुठं असतात?’’

पोरगी विचारात पडली. स्टिकर म्हणजे शिंगं, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं दोन्ही यंत्रं सुरू करून प्रोसेसरचं पूर्ण नाव काढलं. चकचकीत होता तो आय७-७५००यू, खरवडलेला आय५-८२५०यू. या नावांत रेघेनंतरचा पहिला आकडा पिढीचा, म्हणजे एक सातव्या पिढीचा, दुसरा आठव्या.

‘‘एका दाताचा फरक,’’ आबा म्हणाले. ‘‘तेवढ्यानं काय होतं?’’

तिनं मोबाइलवर शोधलं. फरक मोठा निघाला. त्या आय७ ला दोन कोअर, या आय५ ला चार. विंडोज १० ला सर्वांसाठी मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं इंटेलचे जे प्रोसेसर मान्य केले, ते एखाददुसरा अपवाद सोडला तर आठव्या पिढीपासूनचे.

‘‘त्यातही अकरा घालून देतो,’’ दुकानदार म्हणाला.

‘‘पण कंपनी त्याची हमी घेत नाही ना?’’ पोरीनं विचारलं. त्यानं मान डोलावली.

स्वस्ताईचा हिशेब आपण मूळ किमतीतून किती उतरले यावरून मांडतो, तिथंच चुकतो. उतरलेले पैसे मागं गेले; यंत्राला काम पुढं करायचं असतं. आबांचा प्रश्न नेमका तिथला होता: ‘‘किती पेरण्या निघतील याच्यातून?’’

‘‘मला चार वर्षं हवीत. हा आठवीचा तेवढं काढेल असं वाटतं. कायमचा नाही.’’

‘‘मग जुंपून बघ.’’

तिनं चार्जर काढला. व्हिडिओ लावला, दहा खिडक्या उघडल्या. चहा आला, संपला. पाऊण तासात बॅटरी १०० वरून ३५ वर आली. तिनं मागचं झाकण उघडायला लावलं. आत एसएसडी होती, रॅमचा एक खण रिकामा. म्हणजे गरज पडली तर पुढं वाढवता येईल. बॅटरी मात्र थकलेली, हे दुकानदारानंही कबूल केलं. नवी बॅटरी घालून २१,५०० ला सौदा ठरला. चकचकीत लॅपटॉपपेक्षा अडीच हजार जास्त. आबांनी नोटा मोजून नातीच्या हातात दिल्या, तिनं दुकानदाराच्या.

घरी आबांनी खरवडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. जुवानं घट्टा पडलेल्या खांद्यावरून ते असंच फिरवायचे.

आजीनं वहीत कांद्याच्या पट्टीखाली रक्कम लिहिली आणि मान वर न करता विचारलं, ‘‘दात कुणी बघितले?’’

‘‘मी,’’ नात म्हणाली.