अल्लाहचे पाहुणे आणि खोलीचे भाडे

हज-उमऱ्याला जाणाऱ्याला आपण अल्लाहचा मेहमान म्हणतो. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्यात दडलेला प्रश्न लक्षात येत नाही. पाहुणा अल्लाहचा असेल, तर त्याच्या मुक्कामाचे भाडे कोणी घ्यावे? आणि काब्याजवळच्या खोलीला जास्त, लांबच्या खोलीला कमी, हा हिशेब कोणत्या आधारावर करावा?

प्रश्न नवा नाही. मस्जिद-ए-हराम ही तिथल्या रहिवाशाला आणि बाहेरून येणाऱ्याला सारखीच आहे, असा आशय सूरह हजच्या 25 व्या आयतीत येतो. ही बरोबरी मशिदीपुरतीच की साऱ्या मक्का शहराला लागू, यावर आपल्या इमामांत मतभेद झाले. हजच्या दिवसांत मक्केतल्या घरांचे भाडे घेणे इमाम अबू हनीफा यांना नापसंत होते, असे सांगितले जाते. इमाम अहमद यांच्या एका मतानुसार तिथले घर वारशाने मिळू शकते, पण भाड्याने देऊ नये. इमाम शाफई यांनी मात्र घरमालकाचा हक्क मान्य केला. हजरत उमर यांच्या काळात मक्केत तुरुंगासाठी एक घर विकत घेतले गेले होते, हा त्या बाजूचा एक दाखला. आपल्या महाराष्ट्रात घाटावरचे मुसलमान बहुतेक हनफी आणि कोकणातले शाफई. म्हणजे या वादाच्या दोन्ही बाजू आपल्याच घरात आहेत.

हजरत उमर यांच्याबद्दल आणखी एक रिवायत आहे. हाजींना हवे तिथे उतरता यावे म्हणून त्यांनी मक्केतल्या लोकांना घरांना दरवाजे लावण्यास मनाई केली होती. तरी सुहैल बिन अम्र यांनी दरवाजा लावला. जाब विचारल्यावर त्यांनी सांगितले, मी व्यापारी माणूस, माझी जनावरे सांभाळायला आडोसा हवा. हजरत उमर यांनी ते मान्य केले. दरवाजा लावायला परवानगी मिळाली ती गरज पाहून. ऐपत पाहून मिळाली नाही.

आता आजच्या मक्केकडे पाहू. हरमसमोरच्या टेकडीवर अठराव्या शतकातला उस्मानी काळातला अजयाद किल्ला होता. तो 2002 मध्ये पाडला गेला. त्या जागी 2012 पर्यंत 601 मीटर उंचीच्या घड्याळाच्या मनोऱ्यासह सात बुरुजांचे संकुल उभे राहिले. त्यात पंचतारांकित हॉटेले आहेत, बाजार आहे. नावाने हे संकुल वक्फ आहे, दोन्ही पवित्र मशिदींसाठीचे. ज्या खोलीच्या खिडकीतून काबा दिसतो तिचे भाडे वेगळे, ज्या खिडकीतून दिसत नाही तिचे वेगळे.

आम्ही काही शिक्षक उमऱ्याला गेलो तेव्हा हरमला लागून असलेल्या अशाच एका हॉटेलात दोन रात्री राहिलो. आमच्यापैकी एकाच्या अम्मींचे गुडघे निकामी झालेले, म्हणून सर्वांनी पैसे घालून एवढा खर्च केला. आत पाऊल टाकताच गहवा आणि खजूर पुढे आले. संगमरवर, थंड हवा, हसतमुख माणसे. खोलीतल्या स्पीकरवर हरममधली नमाज ऐकू येत होती. इतका मान आम्हाला आमच्या गावात कधी मिळाला नव्हता, हे खरे.

तिथे सामान उचलणारा एक बिहारी मुलगा होता. अम्मींना चालताना पाहून तो न सांगता चाकाची खुर्ची घेऊन आला आणि फजरला दाराशी हजर राहिला. बख्शीश देऊ लागलो तर म्हणाला, "अम्माजी, बस दुआ में याद रखिए." गहव्याचे पैसे आमच्या बिलात होते. या खुर्चीचे नव्हते. तेव्हा पैशाने चालणाऱ्या जागेत खरी मेहमाननवाजी असूच शकत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. मेहनतीचा मोबदला हलाल आहे. कोणी स्वच्छ अंथरूण द्यावे, गरम जेवण द्यावे आणि त्याचे दाम घ्यावे, यात गैर काय?

गैर वाटले ते वेगळेच. अम्मींना हरमजवळची जागा मिळाली, कारण आमच्याकडे पैसे जमले. त्याच वयाच्या, तसेच गुडघे असलेल्या कितीतरी बाया लांबच्या वस्तीत उतरतात आणि बसच्या रांगेत उभ्या राहतात. आपल्या हज कमिटीतही पूर्वी ग्रीन आणि अजीजिया अशा दोन श्रेणी होत्या. जवळचे महाग, लांबचे स्वस्त. अंगावर एहराम आला की राजा आणि रंक ओळखू येत नाहीत, हे आम्ही वर्गात मुलांना शिकवतो. पण तवाफ संपला की कोण कोणत्या दाराकडे वळतो, यावरून पुन्हा सारे ओळखू येतात. जवळीक ज्याच्या पायात बळ नाही त्याला हवी. ती मिळते ज्याच्या खिशात बळ आहे त्याला. आमच्या मते खोट भाड्यात नाही, या वाटपात आहे.

यावर आपल्या बुजुर्गांनी उपाय केलेलाच होता. निजामाने मक्केत रुबात वक्फ केले. जुन्या हैदराबाद राज्यातल्या, म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्याही, हाजींना कुर्रा काढून तिथे मोफत राहायला मिळत आले आहे. मुंबईहून बोटी जात होत्या, त्या 1995 मध्ये बंद झाल्या. त्या काळात खेड्यापाड्यांतून आलेला हाजी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात पथारी पसरून बोटीची वाट पाही. तिथे संगमरवर नसेल, पण "खिडकी कोणती हवी?" असेही कोणी विचारत नसे.

मक्केतल्या मनोऱ्यांवर आपला हुकूम चालत नाही. आपल्या मोहल्ल्यावर चालतो. मुंबई-पुण्यात आडनाव ऐकून आपल्याला भाड्याचे घर नाकारतात, याची तक्रार आपण करतो आणि ती रास्त आहे. पण आपल्या गावातला जमातखाना लग्नाचे दिवस सोडले तर कुलूपबंद असतो, त्याचे काय? जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंतीण दाखल असते आणि तिची सासू बाहेर फुटपाथवर रात्र काढते. ती आपल्या जमातीची असो वा नसो, परधर्माची असो, तिला एक चटई आणि नळाचे पाणी देणे आपल्याला अशक्य आहे का? हजरत इब्राहीम यांनी दाराशी आलेल्या अनोळखी माणसांपुढे आधी भाजलेले वासरू ठेवले. ते फरिश्ते आहेत, हे नंतर कळले.

उमऱ्याहून परतलेल्या माणसाला आपण हार घालतो, जमजम मागतो, हॉटेल हरमपासून किती लांब होते तेही विचारतो. त्याबरोबर आणखी एक विचारायला हवे. अल्लाहच्या घरी पाहुणचार घेऊन आलात, आता तुमच्या गावात कोणासाठी दार उघडणार? जमातखान्याची किल्ली कोणाकडे आहे, हे तर सगळ्यांना ठाऊक असते.