नवल आणि ऋण

तत्त्वज्ञानाचा उगम विस्मयांत आहे, असें प्लेटोनें म्हणून ठेवलें आहे. परंतु ज्या विस्मयाचा शेवट टाळ्यांच्या कडकडाटांत होतो, त्यांतून कोणतें शहाणपण उगम पावतें, हा प्रश्न आम्हांस अलीकडे फार छळूं लागला आहे.

गेल्या पावसाळ्यांत शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत कामगारांच्या मुलांसाठीं सामान्यज्ञानाची एक स्पर्धा झाली. परीक्षक म्हणून आम्हांस बोलावणें होतें. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिलें वैयक्तिक पदक कोणीं मिळवून दिलें? खाशाबा जाधव यांनीं; हेलसिंकी, १९५२. कोल्हापूरच्या कोणत्या छत्रपतींचें दहन इटलींत झालें? राजाराम महाराजांचें, फ्लॉरेन्स, १८७०. वळिवड्याच्या छावणींत कोण राहत होते? पोलंडचे निर्वासित, १९४३ ते १९४८. मुलें भराभर उत्तरें देत होतीं, आईबाप चकित होत होते, आणि आम्हीहि मनांतून सुखावलों होतों.

नंतर चहा घेतांना, ज्या गृहस्थांनीं वळिवड्याचा प्रश्न मोठ्या अभिमानानें घातला होता, तेच म्हणाले, "या परप्रांतीय पोरांना गांवांत खोल्या देऊंच नयेत." हीं पोरें म्हणजे तेथून हांकेच्या अंतरावर, वाळूच्या सांच्यांत वितळलेलें लोखंड ओतणारे फौंड्रींतले मजूर. आम्ही मुकाट्यानें चहा संपविला.

परतीच्या वाटेवर तीं तिन्ही उत्तरें पुन्हां मनांत आलीं. खाशाबांच्या हेलसिंकीच्या खर्चासाठीं राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. प्रेत जाळण्याची चाल नसलेल्या फ्लॉरेन्स शहरानें वीस वर्षांच्या एका परक्या राजाची चिता आर्नो नदीच्या कांठीं रचूं दिली. सोव्हिएट रशियांतील हद्दपारींतून सुटलेल्या सुमारें पांच हजार पोलिश लोकांना, ज्यांत बहुतेक बायका व मुलें होतीं, वळिवड्यास आसरा मिळाला. आणि फाळणीनंतर त्याच जागीं सिंधी निर्वासित वसले, तेंच आजचें गांधीनगर. तिन्ही नवलांच्या तळाशीं एकच गोष्ट आहे: जें आपलें होतें, त्यांत कोणीतरी दुसऱ्याला जागा करून दिली.

कोणी म्हणेल, माहिती ती माहितीच. तिच्यावर नीतीचें ओझें कशाला? हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. जिराफाच्या लांबलचक मानेंत माणसाप्रमाणेंच सातच मणके असतात, हें कळल्यानें कोणावर कांहीं कर्तव्य येऊन पडत नाहीं. निव्वळ आनंद होतो, आणि तो पुरेसा आहे. परंतु "आमच्या कोल्हापूरनें" असें शब्द तोंडांतून निघतांच प्रकरण पालटतें. वारसानें मिळकत घ्यावी आणि तिच्यावरचें कर्ज तेवढें नाकारावें, हें न्यायांत बसत नाहीं. पूर्वजांच्या औदार्याचा अभिमान ही मिळकत होय. तें औदार्य पुढें चालविणें हें तिच्यावरचें कर्ज होय. ज्यास कर्ज नको असेल, त्यानें जिराफाच्या मणक्यांइतक्याच अलिप्तपणें वळिवड्याचें नांव घ्यावें.

त्या दिवशीं गुण देण्याचें काम आमच्याकडे होतें. मुलांनीं आपल्याला ठाऊक असलेलीं उत्तरें दिलीं. आम्हांस मात्र एक उत्तर ठाऊक असूनहि चहाच्या वेळीं तें देतां आलें नाहीं.