लेमोनेडचा नळ

ब्रिटनमध्ये 25 डिसेंबरला रेल्वे बंद, बस जवळपास सगळीकडे बंद, दुकानांना कुलपं. घरात काही बिनसलेलं असेल तर त्या दिवशी उठून कुठे जायचीही सोय नसते. मग सगळे टीव्हीसमोर जमतात. 2005 ते 2017 या काळात दर नाताळला बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचा खास भाग लागायचा आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे सोफ्यावर दाटीवाटीनं बसायचे.

2011 च्या नाताळला ताई दोन्ही मुलांना घेऊन आमच्या लेस्टरच्या घरी आली होती. तिचा संसार मोडल्यात जमा होता. ‘बाबांना काम आहे,’ एवढंच मुलांना सांगितलेलं.

स्टीव्हन मॉफटनं लिहिलेल्या त्या वर्षीच्या भागातली आई, मॅज, हेच करत होती. दुसरं महायुद्ध चालू आहे. वैमानिक नवरा विमानासकट बेपत्ता झाल्याची तार आली आहे. पण मुलांच्या मनात नाताळ म्हणजे बाबा गेले तो दिवस, असं कायमचं बसू नये म्हणून ती गप्प आहे. मुलं खिदळली की मात्र ती त्यांच्यावर खेकसते. पुढे रडायचंच आहे, तर आज हसण्याला काय अर्थ, हा सल तिला खातोय. मालिकेचा नायक, डॉक्टर, तो ओळखतो आणि तिला समजावतो की पुढे रडायचं आहे म्हणूनच आजचं हसणं हवं.

मला हे तेव्हाही पटलं, आजही पटतं. घरात वाईट चाललं असताना पोरांनी मजा केली की आपल्याला अपराधी वाटतं, आणि नकळत आपण त्यांच्या वाटची मजाही काढून घेतो. डॉक्टर तसं करत नाही. तो एका जुन्या घरात मॅजच्या मुलांसाठी नळ बसवतो: गरम पाण्याचा, गार पाण्याचा आणि लेमोनेडचा. ते पाहून आमचा धाकटा उठला तो थेट स्वयंपाकघरात. ताई भांडी विसळत होती. त्यानं नळाखाली ओंजळ धरली, चाखून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, ‘आई, आपला बिघडलाय.’ कितीतरी दिवसांनी ताई पोट धरून हसली.

त्या भागाचा शेवट मला रुचला नाही. मॅजचा नवरा अंधारात वाट सापडून सुखरूप परततो. बाबा येतील या आशेवर बसलेल्या मुलांनी हे पाहावं, याची मला धास्ती वाटली. थोरली ते सगळं डोळे लावून बघत होती.

दुसऱ्या दिवशी ताईनं दोघांना जवळ बसवून खरं काय ते सांगितलं. थोरली खूप रडली. धाकट्यानं विचारलं, ‘मग पुढच्या नाताळला डॉक्टर कुठे बघायचा? इथे की बाबांकडे?’

‘अजून ठरलं नाही रे,’ ताई म्हणाली. ‘ठरलं की आधी तुम्हाला सांगीन.’