निद्रा, जागर आणि नाम

हरिकथेच्या मासिकात झोपेची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. झोपेची निंदा आपण कीर्तनातून पुष्कळ ऐकतो. निम्मे आयुष्य रात्रच खाऊन टाकते, हा बुवालोकांचा ठरलेला हिशेब. पण ज्याला झोपच येत नाही, त्याने काय करावे, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून एका पत्राच्या निमित्ताने हा विचार सज्जनांपुढे ठेवीत आहे.

पत्र एका माळकरी तरुणाचे. मुलगा पुणे जिल्ह्यातला, घरी तीन पिढ्यांची वारी. शिकला आणि यंत्रांच्या कारखान्यात लागला. पत्रा दाबून त्याला आकार देणारी मोठमोठी प्रेस मशीन हा कारखाना करतो. ती परमुलखात नेऊन बसवायची, चालू करून द्यायची, हे त्याचे काम. वर्षातले कित्येक महिने विमानात आणि हॉटेलात जातात. यंदा ऐन आषाढात त्याला अमेरिकेत शिकागोकडे जावे लागले. वारी चुकली, याची रुखरुख मनात होतीच. त्यात झोप उडाली. रात्री दहाला अंग टाकावे, तो दोनला टक्क जाग. शिकागो उन्हाळ्यात आपल्याहून साडेदहा तास मागे. तिथे रात्रीचे दोन, तेव्हा इकडे दुपारचे साडेबारा. पालखी दुपारच्या विसाव्याला टेकलेली, दिंड्यांतून भाकरीची पंगत बसलेली. हा मात्र चार भिंतींत छताकडे बघत पडलेला.

चार-पाच रात्री अशा गेल्यावर त्याच्या मनाने घेतले, की वारी चुकली खरी, पण पांडुरंगाने इथे जागर तरी घडवला! मग तो दोनला उठे, खोलीत लख्ख दिवा लावी, हरिपाठ म्हणे आणि सहापर्यंत माळ ओढी. सकाळी त्याच खुशीत कामावर जाई. दहाव्या दिवशी मशीनची चाचणी होती. सोबतचा कामगार साच्यात हात घालून काही नीट करीत होता, आणि याने मशीनचा वरचा भाग खाली आणण्याचे बटण दाबले. तो माणूस ओरडला, त्याने हात ओढून घेतला, म्हणून बोटे वाचली.

पुढे तो लिहितो : "त्या दिवसापासून झोप लागावी म्हणूनच नाम घेऊ लागलो. कधी लागते, कधी लागत नाही. लागली तर वाटते, नामाची मी झोपेची गोळी करून टाकली. नाही लागली, तर महाराज, खरं सांगतो, नामाचाच राग येतो. माझं चुकतंय कुठं?"

पत्र वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. असे खरे पत्र क्वचित येते. यात प्रश्न एक नाही, तीन आहेत. एकेक घेऊ.

पहिला शरीराचा. झोप न येणे हा पापाचा भोग आहे काय? नाही बाबा. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. तो शरीराचे घड्याळ चालवतो. झोप केव्हा, भूक केव्हा, अंगाची ऊब केव्हा वाढावी नि केव्हा उतरावी, सारे त्याच्या इशाऱ्याने. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवर प्रयोग करून ज्यांनी केला, त्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाला मनगटावरच्या घड्याळासारखी किल्ली नसते. विमान एका दिवसात साडेदहा तास ओलांडते, शरीर मात्र साधारण दिवसाला एखादा तास सरकते. बहुतेकांच्या घड्याळाचा फेरा २४ तासांहून काही मिनिटांनी मोठा असतो, म्हणून दिवस लांबवणे त्याला सोपे आणि आखूड करणे अवघड. पश्चिमेचा प्रवास त्यामानाने सोसतो, पूर्वेचा जास्त जाचतो, तो यामुळेच. हे घड्याळ मुख्यतः उजेडाने लागते. तेव्हा मध्यरात्री लख्ख दिवा लावून बसणे म्हणजे दिवस असल्याची खोटी साक्ष त्याच्यापुढे देणे. आपला माळकरी नकळत आपला त्रास आपणच लांबवीत होता.

दुसरा प्रश्न जागराचा. एकादशीचा जागर आणि ही निद्रानाशाची रात्र, दोन्हीत डोळे उघडेच असतात. मग फरक काय? फरक मोठा आहे. जागर आपण संकल्पाने करतो, निद्रानाश आपल्यावर येऊन पडतो. जागर दहाजणांत असतो. एकाचा आवाज बसला तर दुसरा चाल उचलतो, एकाला डुलकी लागली तर टाळाचा खणखणाट त्याला जागे करतो. आणि मुख्य म्हणजे जागराला शेवट आहे. द्वादशीला पारणे सोडले की माणूस आडवा होतो, त्याला कोणी आळशी म्हणत नाही. प्रत्यक्ष देवाचा दाखला घ्या. आषाढीच्या यात्रेत पंढरपुरी देवाचा पलंग काढतात; भक्तांची रीघ रात्रंदिवस लागलेली, तेव्हा देवाने झोपायचे कसे? पण यात्रा पांगली की प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात आणि पलंग पुन्हा आत येतो. जो विटेवर युगानुयुगे उभा, त्याच्याही शिणाची चिंता आपल्या परंपरेने वाहिली. आणि आपण आपला पलंग कायमचा बाहेर काढून ठेवायचा, यात कसली भक्ती?

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी हे स्पष्टच केले आहे. फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसाच फार जागणाऱ्यालाही साधत नाही; जो जेवण, श्रम, झोप आणि जागे राहणे या सर्वांत माप राखतो, त्याचेच दुःख योग हरतो. माऊलींनी तो अर्थ मराठीत सोपा करून ठेवला आहे. आपण पहिले वाक्य एकमेकांना ऐकवतो आणि दुसरे विसरतो.

यात नीतीचाही प्रश्न आहे, तो मला सर्वांत मोठा वाटतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या हाताडोळ्यांचा मेळ, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो. चोवीस तास जागल्यास तो ०.१० टक्क्यांइतका खालावतो. आपल्या देशात वाहन चालवणाऱ्याला कायदा ०.०३ टक्क्यांपर्यंतच सोसतो. आता विचार करा. गळ्यात माळ घालताना आपण दारूला न शिवण्याची शपथ घेतो. मग अर्धी रात्र जागून, दहा दिवसांची झोप तुंबवून, त्याच पडलेल्या हातांनी दुसऱ्याची बोटे आत असलेले मशीन चालवणे, हे त्या शपथेत बसते काय? माळ ओढून आलेला कैफ आणि प्याल्यातला कैफ यांत त्या कामगाराच्या बोटांना काही फरक कळला नसता. भूतमात्री हरी पाहायचा हे आपले ब्रीद. तर त्या रात्री हरी हॉटेलाच्या खोलीत होता तितकाच त्या परक्या माणसाच्या हातातही होता.

म्हणून निर्वाळा असा, की परक्या मुलखात काम करणाऱ्याने झोप घेणे ही चैन नव्हे, ते सोबत्याचे देणे आहे. ज्याची झोप झाली नाही, त्याने तसे वरिष्ठांना सांगावे. पहिले दोन-तीन दिवस धोक्याचे काम मागे ढकलावे आणि विमानातून उतरून लगेच गाडी हाकू नये. यात लाज नाही. लपवण्यात मात्र दोष आहे.

आता तिसरा प्रश्न, नामाचा. झोपेसाठी नाम घ्यावे काय?

यावर दोन पक्ष होतात. एक म्हणतो, ही सकाम भक्ती. परिसाने खलबत्त्याचे काम घेतल्यासारखे झाले. दुसरा म्हणतो, नाम कसेही घ्या, ते आपले काम करतेच. अग्नीला नकळत हात लागला तरी चटका बसतोच ना? दोन्ही म्हणणी ऐकायला बरी, पण या मुलाचे दुखणे त्यांतून उलगडत नाही. त्याला नाम घेण्याचा नव्हे, नाम घेऊन राग येण्याचा त्रास आहे.

मला वाटते, मागण्यात दोष नाही. तान्हे मूल झोप येत नाही म्हणून रडते, तेव्हा आई त्याला निष्काम होण्याचा उपदेश करीत नाही. दोष आहे हिशेबात. "अठ्ठावीस अभंगांचा हरिपाठ झाला, चार माळा झाल्या, आता टाक माझ्या पदरात सहा तास झोप," असे म्हटले की भजनाचा बाजार झाला. बाजारात माल मिळाला नाही म्हणजे राग यायचाच. ज्या रात्री झोप लागली त्या रात्री आपण नफ्यात, ज्या रात्री नाही त्या रात्री तोट्यात. अशा खतावणीत देव राहत नाही, आणि गंमत अशी की झोपही राहत नाही. झोप आणि कृपा यांचा एक गुण सारखा आहे. दोन्ही ओढून आणता येत नाहीत. दार उघडे ठेवून आपण बाजूला व्हायचे, एवढेच आपल्या हाती. "लागली का? अजून नाही लागली?" असे जो दर घडीला विचारतो, तोच दारात आडवा उभा असतो.

इथे कोणी चतुर विचारील, "म्हणजे झोपेची इच्छा सोडायची, ती झोप यावी म्हणूनच ना? ही पण युक्तीच झाली!" खरे आहे. पहिल्या रात्री ती युक्तीच असणार, आपण काही शुकमुनी नव्हे. पण युक्ती किती दिवस टिकते? जी रात्र कोरडी जाते, झोपही येत नाही आणि नामात गोडीही वाटत नाही, त्या रात्री ती उघडी पडते. तिथेच पुढचे पाऊल आहे. "झोपेसाठी" हे प्रयोजन हातून सुटले, तरी "जागा आहे म्हणून" हे उरतेच. जागा आहे, तर मुखात काहीतरी चालणारच. उद्याची काळजी चालण्यापेक्षा नाम चालू दे. एवढे साधे कारण पुरते. माझ्या मते ती कोरडी रात्र, सुखाने झोप लागलेल्या दहा रात्रींहून मोलाची आहे. त्या रात्री नाम पहिल्यांदा फुकट घेतले गेले.

आणि अभंगाच्या मध्येच झोप लागली तर? तर लागू दे. अंगाई ऐकता ऐकता निजलेल्या लेकराला आई "पुरती ऐकली नाहीस" म्हणून उठवीत नाही. सकाळी राहिलेले म्हणावे. अपराध मानू नये.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो, कारण नुसत्या सिद्धांताने डोळा लागत नाही. अंथरुणावर वीसेक मिनिटे तळमळ झाली, तर उठावे. खुर्चीवर, मंद उजेडात बसावे, पेंग आली की परत पडावे. अंथरुणाची आणि तळमळीची ओळख वाढू देऊ नये. घड्याळ आणि मोबाईल हाताच्या पल्ल्याबाहेर ठेवावा. रात्री घरी फोन लावून पालखी कुठे पोचली ते विचारण्याचा मोह होतो. तो फोन संध्याकाळी करावा. नाम मनात घ्यावे, मोजू नये; मोजणी आली की हिशेब आला. रात्र कशीही जावो, उठण्याची वेळ एकच ठेवावी आणि दिवसा उघड्यावर, उजेडात चालावे. आपण चालणारी माणसे, हे आपल्याला जमते. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. कॉफीचा निम्मा अंमल पाच-सहा तासांनीही अंगात असतो. दुपारी अगदीच डोळे मिटू लागले तर वीस मिनिटांची डुलकी घ्यावी, दोन तास ताणून देऊ नये. गोळी घ्यायची तर वैद्याला विचारून. सोबत्याने दिली म्हणून घेऊ नये.

आणखी एक सांगणे भाग आहे. आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री अशाच जात असतील आणि घरी परतूनही तीन महिने हेच चालले असेल, तर तो प्रवासाचा शीण राहिला नाही, तो आजार झाला. त्यावर उपचार आहेत. झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीची भीती पद्धतशीर बदलण्याचा उपचार गोळीच्या आधी करावा, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या संस्थेने २०१६ साली केली आहे. घोरता घोरता श्वास अडकत असेल तर त्याचीही तपासणी करावी. "मी नाम घेतो, मला डॉक्टर कशाला," हे म्हणणे नामाचा गौरव करीत नाही. पायात काटा मोडला तर आपण दिंडीत काटा काढतो, नंतर चालतो. चालण्यावर श्रद्धा आहे म्हणून काटा पायात ठेवीत नाही.

त्या मुलाला मी एवढेच लिहिले : बाबा, तुझी वारी चुकली असे मानू नकोस, आणि न झोपण्याने ती भरून काढू नकोस. वारीतसुद्धा मुक्काम असतो. दिवसभर चाललेला वारकरी रात्री तंबूत, शाळेच्या ओसरीत, मिळेल तिथे अंग टाकतो, शेजारच्याचा पाय अंगावर पडला तरी त्याला कळत नाही, तीही वारीच. तुझे यंत्र नीट चालू दे, सोबत्याचे हात शाबूत राहू देत, आणि रात्री जाग आलीच तर घाबरू नकोस. तिकडे तुझी रात्र असते तेव्हा इकडे दिंडी चालत असते. तू जागा असलास तर तिच्यात एक आवाज मिळव. झोपलास तरी दिंडी थांबत नाही.

रामकृष्णहरी.