भोंगा

गिरगावातल्या एका जुन्या चाळीला खेटून नव्या इमारतीचं खोदकाम चाललं होतं. काळा पाषाण लागला आणि ब्रेकर धडधडू लागला. चाळीच्या पायाशी जिओफोन बसवला होता. त्यात चुंबकाजवळ स्प्रिंगवर तोललेली तारेची गुंडाळी असते. जमीन हलली की बारीकशी वीज तयार होते आणि त्यावरून हादऱ्याचा वेग कळतो. मर्यादा लावली होती सेकंदाला ३ मिलिमीटर; ती ओलांडली की भोंगा वाजायचा. जुन्या, नाजूक वास्तूंच्या पायाशी संथ कंपनांसाठी डीआयएन ४१५० हे जर्मन मानक हाच आकडा सांगतं.

यंत्रावर एक नवा पोरगा होता. भोंगा सारखा वाजे. कधी मुलं शेजारी उड्या मारत, कधी कुणी बादली आदळे. दर वेळी काम थांबे आणि साइटचे साहेब वैतागत.

"अरे, मर्यादा १० कर. कटकट तरी मिटेल."

"साहेब, मग ब्रेकरचा हादराही कळायचा नाही."

पोरगा वाकून बघू लागला. यंत्राखालची फरशी डुगडुगत होती. ती काढून त्याने यंत्र पायाच्या दगडाला बोल्टने जखडलं, भोवती कठडा घातला. प्रत्येक भोंग्याची वेळ आणि कारण वहीत लिहायला लागला. आठवड्याभरात खोटे भोंगे जवळपास थांबले.

तळमजल्यावरच्या आजींची तक्रार होती, मांडणीवरची भांडी वाजतात. "आजी, सेकंदाला ०.३ मिलिमीटरचा हादराही घरात बसल्या जागी जाणवतो, भिंतीला त्याने काही होत नाही," तो म्हणाला. खरंच होतं ते. पण तेवढं सांगून तो निघाला नाही. खिडकीवरच्या भेगेच्या दोन्ही टोकांना त्याने पेन्सिलीची खूण केली, शेजारी तारीख घातली आणि भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवली.

एके दुपारी ब्रेकर भिंतीलगतच्या कोपऱ्यात गेला आणि आकडा ४.१ वर पोचला. पोरग्याने काम थांबवलं. साहेब तरातरा आले, आजींच्या खोलीत जाऊन भेग पाहून आले.

"काच तर शाबूत आहे! कशाला थांबवलंस?"

"शाबूत आहे म्हणूनच, साहेब. तडकल्यावर थांबून काय उपयोग?"

साहेबांनी वही मागितली, मागची पानं चाळली. संध्याकाळी हुकूम निघाला: भिंतीजवळ ब्रेकर बंद. तिथे जवळजवळ भोकं पाडून, पाण्यात कालवली की फुगणारी भुकटी भरून खडक फोडायचा. काम लांबलं, खर्च वाढला. काच मात्र शेवटपर्यंत तडकली नाही.

तुमच्या घराशेजारी खोदकाम निघालं, तर आधीच्या भेगांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. आणि साइटवर जाऊन विचारा: यंत्र कशावर बसवलंय, मर्यादा किती लावलीये, आणि ती मधेच कुणी बदलली का?